गृहसंगणक आणि आद्य हार्ड डिस्क : जोडणीची व पाठाची चिकित्सा

संगणकाच्या इतिहासाची चर्चा बहुधा दोन टोकांपाशी घोटाळत राहते. एका टोकास प्रोसेसर असतो आणि दुसऱ्या टोकास आज्ञावली. ह्या दोहोंच्या मध्ये साठवणीची जी व्यवस्था असते, तिच्याकडे दुय्यम उपकरण म्हणून पाहण्याचा प्रघात पडला आहे. १९८० नंतरच्या दशकातील गृहसंगणकांच्या बाबतीत हा प्रघात विशेष दिशाभूल करणारा ठरतो. त्या संगणकांस हार्ड डिस्क जोडणे म्हणजे केवळ एका पेटीची भर घालणे नव्हते. ज्या यंत्राची घडण कॅसेटच्या फितीवर भागावे अशा बेताने झाली होती, त्यास स्वतःच्या स्मृतीच्या सुमारे तीनशे पट मोठ्या भांडाराशी व्यवहार करावयास लावणे असा त्याचा अर्थ होता. आज ही यंत्रे संग्राहकांच्या आणि संशोधकांच्या हाती आली असून जोडणीचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. जुनी चकती फिरवावी की न फिरवावी, तिच्या जागी नवे मेमरी कार्ड बसवावे काय, आणि बसविल्यास जे उरते त्यास मूळ यंत्र म्हणावे काय, हे प्रश्न वरकरणी कारागिराचे वाटले तरी तत्त्वतः ते चिकित्सकाचे आहेत.

आयबीएमने १९५६ मध्ये जाहीर केलेल्या रॅमॅक यंत्राच्या साठवण-एककात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या व त्यांवर ५० लक्ष अक्षरे मावत. १९८० मध्ये सीगेट कंपनीने, जी आदल्या वर्षी शुगार्ट टेक्नॉलॉजी ह्या नावाने स्थापन झाली होती, एसटी-५०६ ही हार्ड डिस्क बाजारात आणली. सव्वापाच इंची फ्लॉपी यंत्राच्या आकारात तीत ५ मेगाबाइट मजकूर मावत असे. पुढच्या वर्षीच्या एसटी-४१२ ने ही क्षमता दुप्पट केली. आकार आटोक्यात आला, किंमतही कालांतराने उतरली. परंतु ह्या चकतीशी गृहसंगणकाने बोलावयाचे कसे, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. तो त्यामुळेच प्रथम निर्माण झाला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

ह्या अडचणीचे स्वरूप आकड्यांनी चांगले कळते. एसटी-५०६ च्या केबलमधून बाहेर पडतात त्या चुंबकीय पृष्ठभागावरून उचललेल्या कच्च्या स्पंदांच्या मालिका. त्यांत बाइट नसतात आणि फाइल तर नसतेच. ह्या मालिकेचा वेग सेकंदास ५० लक्ष बिट, म्हणजे दर बाइटला १.६ मायक्रोसेकंद. त्या काळच्या गृहसंगणकांतील ६५०२ हा प्रोसेसर २ मेगाहर्ट्झ वेगाने चालविला तरी एवढ्या अवधीत त्याची जेमतेम तीन आवर्तने पुरी होतात. आणि एका ठरावीक पत्त्यावरून एक बाइट नुसता उचलण्यास त्यास चार लागतात. उचललेला बाइट ठेवणे, मोजणे, तपासणे हे पुढचेच. तात्पर्य, प्रोसेसरने चकतीकडे थेट पाहणे ही गोष्ट अशक्य कोटीतील होती. मध्यस्थ अपरिहार्य होता. हा मध्यस्थ म्हणजे कंट्रोलर बोर्ड : तो स्पंदांतून बिट वेगळे काढी, संपूर्ण सेक्टर आपल्या पदरच्या लहानशा स्मृतीत साठवी, आणि मग संगणकास त्याच्या सवडीने तो एकेक बाइट करून देई. चकतीचा वेग आणि संगणकाचा वेग ह्यांची फारकत करणारी ही छोटीशी स्मृती हाच आद्य जोडणीचा खरा शोध होय.

कंट्रोलर आणि संगणक ह्यांच्या संभाषणासाठी शुगार्ट असोसिएट्स ह्या कंपनीने सासी नावाचा संकेत प्रचारात आणला. (ह्या कंपनीस वर उल्लेखिलेली शुगार्ट टेक्नॉलॉजी समजण्याची चूक वारंवार होते, संस्थापक एक असले तरी कंपन्या दोन होत्या.) पुढे १९८६ मध्ये ह्याच संकेताचे विस्तारित रूप स्कझी ह्या नावाने अमेरिकेचे प्रमाण-मानक झाले. आठ तारांवरून एक बाइट ठेवावयाचा, 'हवा' आणि 'पोचला' अशा दोन खुणांची देवघेव करावयाची, आणि मगच पुढचा बाइट. ह्या शिष्टाचारात घाई नाही. मंद यंत्राने मंद गतीने उत्तर दिले तरी संभाषण तुटत नाही, आणि गृहसंगणकांना तो मानवला तो ह्याच गुणामुळे.

ह्या जोडणीचे सर्वांत अभ्यसनीय उदाहरण केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रो ह्या संगणकात सापडते. १९८१ च्या डिसेंबरात निघालेले हे यंत्र भारतीय वाचकास अगदीच परके नाही. शाळांतून संगणक-साक्षरतेचा प्रसार करण्यासाठी १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' योजनेत त्याचीच निवड झाली होती. त्याच्या तळाशी कनेक्टरांची एक रांग असून तीत '१ मेगाहर्ट्झ बस' नावाचा ३४ पिनांचा एक कनेक्टर आहे. त्यावर जोडलेल्या उपकरणांसाठी स्मृतीच्या नकाशात २५६ पत्त्यांची पाने राखून ठेविली होती. त्यांपैकी एका पानास रचनाकारांनी 'फ्रेड' हे नाव दिले व दुसऱ्यास 'जिम'. तांत्रिक दस्तऐवजांत असा विनोद क्वचितच आढळतो, आणि आढळला म्हणजे तो कधी विसरला जात नाही. एकॉर्नच्या हार्ड डिस्कने ह्या 'फ्रेड'मधील अवघे चार पत्ते व्यापले : एक मजकुरासाठी, एक स्थिती पाहण्यासाठी, एक कंट्रोलरला हाक मारण्यासाठी आणि एक खंडन-संकेतासाठी. पलीकडे अ‍ॅडाप्टेक कंपनीचा कंट्रोलर बोर्ड, आणि त्याच्याही पलीकडे चकती. दहा मेगाबाइटांचे भांडार चार खिडक्यांतून पाहावयाचे, ही काटकसर कौतुकास्पद आहे.

परंतु ह्याच तळाशी नवख्यास फसविणारी एक गोष्ट आहे. बसचा कनेक्टर ३४ पिनांचा, शेजारचा फ्लॉपीचा कनेक्टरही ३४ पिनांचा, आणि हार्ड डिस्कची नियंत्रण-केबलही ३४ तारांचीच. संगणकाचा 'यूजर पोर्ट' २० पिनांचा, तर डिस्कची मजकूर-केबलही २० तारांची. रूप एक आणि अर्थ भिन्न, असा हा निव्वळ श्लेष आहे. काव्यात तो अलंकार ठरतो, येथे तो बोर्ड जाळतो. आज जुनी यंत्रे पुन्हा जोडणाऱ्यांनी प्रत्येक केबलवर चिठ्ठी बांधावी हा उपदेश क्षुल्लक वाटला तरी सर्व उपदेशांत तोच प्रथम पाळण्याजोगा आहे.

जोडणीचा दुसरा, आणि चिकित्सेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, भाग म्हणजे एडीएफएस ही फाइल-व्यवस्था. तिच्या आधीच्या डीएफएस व्यवस्थेत एका फ्लॉपीच्या बाजूवर ३१ फाइली आणि सात अक्षरी नावे एवढाच पसारा मावे. नव्या व्यवस्थेत डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी आली, दर डिरेक्टरीत ४७ नोंदी व दहा अक्षरी नावे आली. हे औदार्य फुकट नव्हते. कॅसेटवर चालणाऱ्या बीबीसी मायक्रोमध्ये वापरणाऱ्याची आज्ञावली ३५८४ ह्या पत्त्यापासून सुरू होते; डीएफएस असता ती ६४०० पासून, आणि एडीएफएस असता ७४२४ पासून. सर्वांत सूक्ष्म चित्रण करणारी पडद्याची अवस्था निवडली तर पडदाच ३२ किलोबाइटांपैकी २० गिळतो. उरतात ते ४८६४ बाइट. कॅसेटवाल्यास मात्र त्याच अवस्थेत ८७०४ बाइट मिळत. म्हणजे दारात धान्याचे कोठार आले, पण ते ठेवण्यासाठी स्वयंपाकघर निम्म्याने आखडले. हार्ड डिस्कमुळे गृहसंगणक 'मोठा' झाला असे जे सरसकट लिहिले जाते, ते ह्या आकड्यांपुढे टिकत नाही. तो दूरवर पोचू लागला, आणि जवळचे त्याला कमी पडू लागले. घरातील एकट्या वापरणाऱ्यापेक्षा एकॉनेट ह्या जाळ्याने जोडलेल्या वर्गातील अनेक यंत्रांना ही डिस्क अधिक उपयोगी पडली, ह्यामागे हेही एक कारण संभवते. एकाच यंत्राने कोठाराची राखण करावी आणि बाकीच्यांनी मोकळे राहावे, ही वाटणी त्या स्मृतीस शोभणारी होती.

एडीएफएसच्या रचनेत आणखी एक लक्षणीय योजना आहे. प्रत्येक डिरेक्टरी पाच सेक्टरांची असून तिच्या आरंभी एक अनुक्रमांक व 'ह्यूगो' हा शब्द लिहिलेला असतो, आणि शेवटीही तोच अंक व तोच शब्द पुन्हा येतो. लेखन अर्धवट असता वीज गेली तर आरंभीचा अंक एक आणि शेवटचा दुसरा असे होते, आणि व्यवस्था 'डिरेक्टरी तुटली आहे' असे बजावून पुढे जाण्याचे नाकारते. मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरविताना उपक्रम व उपसंहार ह्यांची एकवाक्यता हे पहिले लिंग मानिले. येथे प्रश्न तात्पर्याचा नसून अखंडतेचा आहे, हा भेद खरा. तथापि अर्थ लावण्यापूर्वी दोन्ही टोके जुळवून पाहावी ही शिस्त दोहोंकडे समानच आहे.

ह्या व्यवस्थेवर वापरणाऱ्यांचा मोठा आक्षेप असे तो सलगतेचा. फाइल चकतीवर एकसंध जागेतच लिहिली जाई. रिकाम्या जागांच्या यादीत ८२ नोंदींपलीकडे जागा नव्हती. पुसणे-लिहिणे फार झाले म्हणजे यादी भरून जाई, आणि एकूण जागा पुष्कळ असूनही एकसंध जागा न उरल्याने सारे काम थांबवून फाइली सरकवीत बसावे लागे. ही गैरसोय खरी होती. तरीही तिच्यावरून रचनेस सदोष ठरविणे घाईचे होईल. सलग फाइलीचे वर्णन आरंभ आणि लांबी एवढ्या दोन अंकांत संपते. साखळी ठेवावी लागत नाही आणि साखळीसाठी स्मृती खर्चावी लागत नाही. ४८६४ बाइटांच्या संसारात हा विचार गौण नव्हे. शिवाय आज, चार दशकांनंतर, ह्या गैरसोयीची किंमत उलट बाजूने वसूल होते. डिरेक्टरी नष्ट झाली तरी फाइल एकसंध पडलेली असते आणि ती अख्खी उचलता येते. तुकड्यांच्या साखळीवर चालणाऱ्या व्यवस्थेत साखळीची नोंद गेली की पाने विखुरलीच. त्यातही एक गमतीचा पोटभेद असा की, ज्या दक्ष मालकाने नियमितपणे फाइली सरकवून चकती नीटनेटकी राखली, त्याने पुसलेल्या मजकुराचे अवशेषही त्याबरोबर झाकून टाकले. आळशी मालकाची चकती संशोधकास अधिक देते.

कमोडोर ६४ ह्या १९८२ च्या संगणकाची कथा नेमकी उलट दिशेने जाते. तेथे फ्लॉपी यंत्र स्वतःच एक संगणक होता. त्यात प्रोसेसर होता आणि त्याची फाइल-व्यवस्थाही त्याच्याच पोटात होती. मुख्य संगणकाच्या स्मृतीस त्यामुळे तोशीस लागत नसे. परंतु दोघांना जोडणारी तार एकेरी आणि विलक्षण मंद होती : सेकंदास सुमारे ४०० बाइट. ह्या गतीने दहा मेगाबाइट एकदा वाचून काढावयाचे म्हटले तर जवळजवळ सात तास लागतील. अमेरिकेतील क्रिएटिव्ह मायक्रो डिझाइन्स ह्या कंपनीने पुढे ह्या संगणकासाठी जी हार्ड डिस्क काढली, तिच्यातही स्वतंत्र प्रोसेसर बसविलेला होता, आत स्कझी चकती होती, आणि बाहेरून ती जुन्या फ्लॉपी यंत्राचे सोंग घेई. तिचे काही विभाग १७० किलोबाइटांच्या फ्लॉपीसारखे वागत. सोंग उत्तम होते, पण संपूर्ण नव्हते. पुष्कळ खेळांच्या आज्ञावल्या फ्लॉपी यंत्राच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचा मजकूर घुसवून त्यास परस्पर हाताळीत. त्यांना हे सोंग ताबडतोब ओळखू येई आणि त्या चालण्याचे नाकारीत. उपकरणाने केलेली भूमिका कोठवर पुरते, तर प्रेक्षक पडद्यामागे डोकावत नाही तोवर, हे ह्यातून दिसते. अ‍ॅपलने १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी काढलेली 'हार्ड डिस्क २०' तर फ्लॉपीच्याच छिद्रातून जोडावयाची होती, आणि जुन्या रॉममुळे संगणक आधी फ्लॉपीवरून सुरू केल्याखेरीज तिची ओळखच पटत नसे. पुढच्याच वर्षीच्या मॅकिंटॉश प्लसमध्ये स्कझी आल्याने ह्या उपायाची गरज संपली. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

आता वर्तमानकाळाकडे वळावयाचे. जुन्या चकत्या दुर्मीळ होत आहेत, त्यांच्या बेअरिंग झिजल्या आहेत, हेड पृष्ठभागास चिकटून बसत आहेत. साहजिकच त्यांच्या जागी मेमरी कार्डावर चालणारी, स्कझी चकतीचे अनुकरण करणारी उपकरणे बसविण्याची पद्धत रूढ झाली आहे. येथेही जुन्या रचनेचे कंगोरे आड येतात. एडीएफएसचा सेक्टर २५६ बाइटांचा, तर नंतरच्या जवळजवळ सर्व चकत्यांचा ५१२ बाइटांचा. सासीच्या सहा बाइटांच्या आज्ञेत पत्त्यासाठी २१ बिट असतात. २५६ बाइटांच्या सेक्टराशी त्याचा गुणाकार केला की ५१२ मेगाबाइट ही एका चकतीची कमाल मर्यादा येते, मग कार्ड कितीही मोठे असो. आयडीई चकत्या बीबीसी मायक्रोस जोडण्याच्या एका प्रचलित युक्तीत तर १६ तारांपैकी आठच वापरल्या जातात, आणि प्रत्येक सेक्टराचा अर्धा भाग कोराच राहतो. अर्धे पान कोरे सोडून ग्रंथ लिहावा, तसा हा प्रकार आहे. पण जेथे पानांचा तुटवडा नाही तेथे ही उधळपट्टी बोचत नाही, आणि युक्ती म्हणून ती सरळ व प्रामाणिक आहे.

ह्या बदलाविरुद्ध संग्राहकांतील एक पंथ असे म्हणतो की, कार्ड बसविलेले यंत्र हे मूळ यंत्रच नव्हे. चकतीचा घरघराट, हेडची टकटक आणि वाट पाहण्याचा काळ हे सारे त्याच्या अनुभवाचे घटक होते. ह्या म्हणण्यातील आवाजाचा भाग भावनेचा म्हणून सोडून दिला तरी काळाचा भाग सोडता येत नाही. मिनिटास ३६०० वेळा फिरणारी चकती एका फेऱ्यास सुमारे १७ मिलिसेकंद घेते. संगणकाने एक सेक्टर पचवून दुसरा मागेपर्यंत तो हेडखालून निघून गेला, तर पुरा फेरा वाया जातो. म्हणून सेक्टरांचे क्रमांक एकाआड किंवा अनेकांआड लावीत. हा क्रम किती आडाने लावला आहे त्यावरून ते यंत्र किती मंद होते आणि त्याच्या रचनाकाराने त्याची प्रकृती किती ओळखली होती, हे कळते. कार्डावर ह्या क्रमास काहीच अर्थ उरत नाही. त्याचप्रमाणे एडीएफएसमध्ये काम संपविताना 'बाय' ही आज्ञा द्यावयाची असे. तिने उघड्या फाइली बंद होत आणि हेड चकतीच्या सुरक्षित भागावर नेऊन ठेवले जाई. कार्डावर तिचा पूर्वार्ध शिल्लक राहतो, उत्तरार्ध कर्मकांड होतो. तेव्हा पंथाचा आक्षेप पुरावा म्हणून खरा आहे. मात्र त्यावरून जुनी चकतीच रोज फिरवीत राहावे असा जो निष्कर्ष काढण्यात येतो, तो घातक आहे. रोज उलगडल्याने पोथीचे आयुष्य वाढत नाही.

येथेच ह्या विषयातील खरी हानी घडते. बाजारातून किंवा अडगळीतून एखादी चकती हाती येते. ती फिरते हे पाहून मालक हरखून जातो, कंट्रोलरला ती वाचता येत नाही असे दिसताच ती नव्याने फॉरमॅट करतो, आणि 'यंत्र चालू झाले' असे जाहीर करतो. वस्तुतः अनेकदा चकतीत बिघाड नसतोच. त्या पिढीत एका कंट्रोलरने आखलेली चकती दुसऱ्या बनावटीच्या कंट्रोलरला वाचता येईलच असे नव्हते. सेक्टरांच्या शीर्षनोंदी आणि तपासणी-अंक ज्याचे त्याने आपल्या रीतीने ठरविले होते. चकती आणि कंट्रोलर मिळून एक लिपी होते. जोडी मोडली की मजकूर शाबूत असूनही अवाच्य होतो, आणि अवाच्य म्हणजे कोरा असे समजून तो पुसला जातो. एखाद्या शाळेचे गुणपत्रक, लहान कारखान्याचा हिशेब, कोणा हौशी लेखकाची अप्रकाशित आज्ञावली ह्या रीतीने नाहीशी होते. (सापडलेल्या मजकुरात खाजगी पत्रव्यवहार असू शकतो, आणि वाचता येणे म्हणजे प्रसिद्ध करण्याचा अधिकार नव्हे, हेही ध्यानी ठेविले पाहिजे.)

म्हणून चकतीची पहिली फेरी ही वापरासाठी नसून प्रतीसाठी असली पाहिजे. हेड हलविणारी स्टेपर मोटर आपण ट्रॅकवर नेमके पोचलो की नाही हे पाहत नाही, आणि उष्णतेने धातू प्रसरण पावतो. सबब चकती काही काळ फिरून तापल्यावर वाचन करावे. कंट्रोलरच्या मध्यस्थीविना चुंबकीय स्पंदच जसेच्या तसे टिपून घेणारी उपकरणे आज उपलब्ध आहेत. त्यांनी घेतलेली प्रत ही अर्थ न लावता केलेली लिपीची नक्कल असते, आणि अर्थ मागाहून, पुनःपुन्हा, वेगवेगळ्या गृहीतांनी लावता येतो. साध्या सेक्टर-प्रतीहून तिचे श्रेष्ठत्व ह्यात आहे. चकतीच्या पाठीवर कारखान्याने चिकटविलेला दोष-तक्ता, ज्यात कोणत्या सिलिंडरवर कोणत्या हेडखाली पृष्ठभाग सदोष आहे हे नोंदलेले असते, तोही प्रतीबरोबर उतरून घ्यावा; पोथीची पुष्पिका सोडून पोथी उतरविण्याची चूक येथे अनेकांनी केली आहे.

सेक्टर-प्रतीत आणखी एक दोष असतो, आणि तो नजरेस न येणारा आहे. जो सेक्टर वाचता आला नाही, त्याच्या जागी प्रत घेणारी आज्ञावली बहुधा शून्ये भरते. पुढच्या वाचकास ती शून्ये मूळ लेखकाने लिहिली की प्रतकाराने, हे कळण्यास मार्ग राहत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पुऱ्या केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत, जेथे पाठ निश्चित नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. चकत्यांच्या साध्या प्रतींत अशी रेघ ओढण्यास जागाच ठेविलेली नाही. वाचता न आलेल्या सेक्टरांची यादी निराळ्या कागदावर लिहून प्रतीसोबत जपावी लागते, आणि प्रत हस्तांतरित होताना तो कागद सर्वांत आधी हरवतो.